तुळशीतला सेन्सर

मागच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पालकाने माना टाकल्या. मोबाइलवर मात्र माती ओली असल्याचं दिसत होतं.

पालक तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर तीन वाफे केले होते. पाणीकपात लागू झाल्यावर सोसायटीने हरकत घेतली: कमी पाण्यात भाजी येते हे रविवारच्या सभेपर्यंत दाखवा, नाहीतर वाफे काढा. म्हणून काकांनी ओलावा मोजणारा सेन्सर आणला. माती कोरडी झाली की तो वायफायवरून कळवणार आणि ठिबकचा नळ आपोआप उघडणार. अ‍ॅप मी सुरू करून दिलं होतं.

"बघ, किती पाणी वाचलं!" काकांनी आलेख दाखवला. नळ चार दिवस उघडलाच नव्हता.

काकू कपडे वाळत घालत होत्या. "अहो, पालकाकडे बघा आधी. काय म्हणतोय तुमचा सेन्सर?"

"ओलं आहे म्हणतोय."

"मग आज त्याचीच भाजी करते."

मी विचारलं, "काका, सेन्सर कुठल्या वाफ्यात आहे?"

"वाफ्यांपर्यंत वायफाय पोचत नाही रे. जिन्याच्या दाराशी मिळतं. म्हणून तिथल्या तुळशीत खोचला. माती तीच, ऊन तेच."

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजी आंघोळ करून तांब्या घेऊन आल्या. तुळशीला पाणी घालून त्यांनी हात जोडले. मोबाइलवरचा आकडा वर चढला.

"आजी, रोज घालता?" मी विचारलं.

"रोज म्हणजे काय! आणि मी एकटी नाही हं. निम्मी बिल्डिंग येते." त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. "ही तर माझ्या आधी."

काकूंनी चादर झटकून दोरीवर टाकली आणि तिच्याआड झाल्या.

त्या दुपारी काकांनी वायफायची रेंज वाढवणारा डबा जिन्यात लावला आणि सेन्सर पालकात हलवला. दहा मिनिटांत नळ उघडला. शनिवारपर्यंत दोन वाफे सावरले. तिसरा उपटावा लागला.

सभेत काकांनी मंगळवारनंतरचेच आकडे दाखवले. आधीचे का गाळले, तेही सांगितलं. पूर्वी ते पाइपने घालायचे, त्यापेक्षा पाणी कमी लागलं होतं. वाफ्यांना जूनअखेरपर्यंत मुदत मिळाली. अट एकच होती: गच्चीवरच्या नळाला वेगळा मीटर.

मीटर बुधवारी बसला.