चाळीस गजांचं अंगण

मावला गावातल्या आमच्या घराचं अंगण कागदावर चाळीस गज आहे. इकडे जागा गजात विकतात आणि फरशी फुटात. त्या दोघांच्या मधे आमचे हे उभे राहिले आणि घोटाळा झाला.

फरशी हवी होती सासूबाईंसाठी. मागच्या पावसाळ्यात त्या अंगणातल्या काळ्या चिखलात घसरल्या, तेव्हापासून ओसरीची पायरी उतरेनात. संध्याकाळी फाटकाबाहेर शेजारच्या म्हाताऱ्या जमायच्या, खो खो हसायच्या. सासूबाई ओसरीवर कान देऊन बसायच्या आणि मला विचारायच्या, "काय म्हणून राह्यल्या वं त्या?" मला तरी कुठे ऐकू यायचं! त्यांचा चेहरा बघवायचा नाही, म्हणून मी मनाला येईल ते सांगायची.

ह्यांचं किराणा दुकान आहे. वजनमापात आपला हात कोणी धरू शकत नाही, असा रुबाब.

"एक गज म्हंजे तीन फूट. चाळीस गज म्हंजे एकशेवीस. झालं!"

"अहो, एकदा टेप लावून पाहा ना."

"तू पोळ्या पाह्य."

मी पोळ्या पाहिल्या.

टेम्पो तांदूरची दगडी फरशी उतरवून गेला. हे कोपऱ्यापासून फरशा मांडत निघाले. फरशी संपली, अंगण काही संपेना. मग टेप निघाला. जागेचा गज लांबीलाही तीन फूट आणि रुंदीलाही तीन, म्हणजे नऊ चौरस फुटांचा चौकोन. हे रुंदी दुकानातच विसरले होते. मी पदर तोंडाला लावून पोटभर हसले.

फरशीवाल्याकडे तसला माल संपला होता. आलेली फरशी अंगणाच्या तिसऱ्या हिश्श्यापुरती. हे म्हणाले, मोटारसायकलखाली घालू. मी म्हटलं, नळापाशी, भांडी घासायला. बघता बघता आम्ही हमरीतुमरीवर आलो.

ओसरीवरून आवाज आला, "तुमी भांडा लेक हो. माह्यी वाट कोण्या बाजूनं हाय, तेवढं सांगा."

मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पायरीपासून फाटकापर्यंत सरळ वाट घातली. उरलेल्या फरशीचा फाटकाबाहेर बसायला ओटा झाला. मोटारसायकल अजून चिखलातच उभी असते.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी काठी घेतली, माझा हात झिडकारला आणि एकट्या फाटकाबाहेर गेल्या. थोड्याच वेळात तिकडे असं हसू उसळलं की मी कणकेचे हात घेऊन ओसरीवर आले. एक शब्द कळेल तर शपथ. दिवेलागणीला त्या परतल्या तेव्हा मला राहवलं नाही.

"आई, काऊन एवढ्या हसत होत्या?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगू, का तुह्यासारखं मनाला येईन ते?"