नंबर घातलेले कागद

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एक काचेचं कपाट आहे. वर पाटी आहे : ‘कुवेतवासी कवीचे कागद’. मी ते कपाट तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली. आत काय आहे? बंदरावरच्या नोकरीचा दाखला, राहण्याचा परवाना, साहेबाने दिलेलं शाबासकीचं पत्र, आणि माझा टाय गळ्यात अडकवून काढलेला एक फोटो. कविता एकही नाही. लोक कपाटापुढे उभे राहतात, माना डोलावतात, बाहेर जाऊन चपला घालतात. हा माणूस लिहीत काय होता, असं विचारावंसं एकालाही वाटत नाही.

मला ते ठाऊक आहे. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून कुवेतच्या बनेद अल-गार वस्तीत आम्ही एका खोलीत राहायचो. रत्नागिरीकडचे पाच जण, सगळे मुसलमान, सगळ्यांच्या बायका गावी. खिडकीतून समुद्र दिसायचा. मी एका शिपिंग एजंटाकडे टायपिस्ट होतो. हा कवी, म्हणजे आमचे चाचा, बंदरावर टॅली क्लार्क होते. मालवाहू पडावातून उतरणाऱ्या गोण्या मोजायच्या, प्रत्येक गोणीमागे कागदावर एक रेघ ओढायची, एवढं त्यांचं काम. एका बाजूला रेघा भरल्या की तो कागद ते घडी करून खिशात घालत आणि घरी येऊन पाठीमागे कविता लिहीत. कविता आमच्या बोलीत, लिपी शाळेत शिकलेली बाळबोध. विषय म्हणाल तर खाडीवरची होडी, वाळत घातलेली सुकट, पोस्टमनची वाट बघणारी बायको. माझ्या आईच्या तोंडचे शब्द कुणी कवितेत घालील असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

खोलीत या कवितांची किंमत काय होती ते सांगतो. एकदा दुपारी कामावरून आलो तर झुबेदी, म्हणजे आपलं पापलेट, तळून झालं होतं आणि जेवायला खाली कागद अंथरले होते. चाचांचे कागद. काटे थेट कवितेवर पडत होते. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत. त्याच आठवड्यात एक कागद मसाल्याच्या फळीवर डब्यांखाली गेला. माझं डोकं फिरलं. भांडण केलं असतं, पण खोलीत सर्वांत वडील हाजीसाहेब, त्यांच्यापुढे आवाज चढवायची पद्धत नव्हती.

मग मला एक युक्ती सुचली. माझी मला ती फार हुशारीची वाटली. लाल पेन्सिल घेतली आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर ७८६ घातलं. बिस्मिल्लाचा आकडा. आमच्यात त्या आकड्याच्या कागदावर कुणी पाय देत नाही, मग जेवण कोण वाढील? चाचा हसले. त्यानंतर नवा कागद लिहून झाला की खोलीत दुसरं कुणी नसताना ते स्वतःच माझ्यापुढे धरायचे, “नंबर घाल.” पुढची सात-आठ वर्षं त्या गठ्ठ्याला कुणी बोट लावलं नाही.

साठचं दशक अर्धं होत आलं तेव्हा मी रजेवर गावी गेलो होतो. वाचनालयाच्या चिटणिसांना मी चाचांच्या दोन कविता तोंडपाठ म्हणून दाखवल्या. त्यांनी वाचनालयाच्या छापील कागदावर पत्र दिलं : कवींनी आपली हस्तलिखितं आमच्याकडे जतन करण्यास द्यावीत. मी ते पत्र वरच्या खिशात ठेवून आगबोटीत बसलो. मस्कत आलं, बहारीन आलं, मी मनात चाचांचा चेहरा बघत होतो. त्यांना आयुष्यात कुणी कवी म्हणून पत्र लिहिलेलं नव्हतं.

खोलीत आलो तर त्यांची खाट उभी करून ठेवलेली. बंदरावर छातीत कळ आली आणि गेले. बारा दिवस झाले होते. मी भिंतीला टेकून बसलो, रडलो, आणि मग गठ्ठा कुठे आहे म्हणून विचारलं.

हाजीसाहेब मोठ्या समाधानाने सांगू लागले. त्या कागदांची बेअदबी होऊ नये याची त्यांना काळजी होती. नंबराचे कागद कचऱ्यात टाकता येत नाहीत, जाळणं त्यांच्या मनाला पटेना. आपल्याकडे असे कागद जुन्या विहिरीत किंवा दर्यात सोडतात, तसं केलं.

“वजू करून, हातपाय-तोंड धुवून गेलो,” ते म्हणाले. “कमरेभर पाण्यात उभा राहून माझ्या हातानं सोडलं. येक कागद किनाऱ्याला परत येऊ दिला नाय.”

“वाचलं का कुणी?”

“नंबर वाचला ना,” ते म्हणाले.

त्यांना बाळबोध येत नव्हतं. पण बाकीच्या दोघांना येत होतं, आणि त्यांनीही गठ्ठा उचलायला हात लावला! मी परत येईपर्यंत थांबावं, एवढं सुचू नये? वर हाजीसाहेबांनी एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. त्यात ते दाखले, परवाना, फोटो. शिक्क्याचे कागद होते म्हणून जपले होते. मी चिटणिसांचं पत्र दाखवलं, तर वाचनालयाला हेच दे, म्हणाले. नंबर मी घातला होता, हे त्यांना मी सांगितलं नाही. त्याचाही राग अजून गेलेला नाही.

दोन दिवसांनी मसाल्याची फळी उतरवली. डब्यांखाली गेलेला तो जुना कागद तिथेच होता, हळदीने पिवळा, तेलाने पारदर्शक झालेला. त्यावर आकडा नव्हता, म्हणून कुणी त्याचा मान राखला नव्हता, म्हणून तो राहिला.

पुढच्या रजेत पाकीट आणि तो कागद दोन्ही वाचनालयात नेले. चिटणिसांनी दाखले काचेत लावले, फोटोला चौकट केली. कागद मात्र दोन बोटांत धरून हुंगला आणि परत दिला. कपाटात वास येईल, म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, कवी म्हणजे हा. ते सगळं त्याच्या नोकरीचं आहे.” त्यांनी चष्मा पुसला आणि कपाटाला कुलूप घातलं.

तो कागद माझ्याकडे आहे. एका बाजूला गोण्यांच्या रेघा, दुसऱ्या बाजूला चाचांचं अक्षर :

माज्या दाराशी समिंदर, तुज्या दाराशी समिंदर,
मदी पानी येकच, तरी कागद जायला म्हयना.

आता मी म्हातारा झालो. माझ्यामागे हा कागद कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही. लाल पेन्सिल टेबलाच्या खणातच असते. या कागदावर मी नंबर घातलेला नाही.