लेकीच्या घरचं अन्न

माही माय निर्मलाबाई कामठ्याची. गावात कोणाचंही लग्न असो, भाताचा गंज, ते भलंमोठं पातेलं, तिच्याच हाती. दोनशे माणसांचा भात ती शीत न चेपता, नुसत्या वासावर उतरवायची. भात करपला तर रांधणारीचं नाक कापलं, असं म्हणायची. साऱ्या गावाले खाऊ घालणाऱ्या ह्या बाईनं माह्या घरी मात्र लग्नापासून एक घास खाल्ला नाही.

आमच्याकडं रीतच तशी. लेकीले लेकरू झाल्याशिवाय मायबापानं तिच्या घरचं खायचं नाही. मले लेकरू झालं नाही. संपलं. माय गोंदियाले आली की पदराले फुटाणे बांधून आणायची, पाणीसुद्धा शेजारी जाऊन प्यायची. मी भांडायची, "काऊन वं माय, माह्या घरचं पाणी बाटलं का?" ती म्हणायची, "रीत मी थोडीच काढली!" आग लागो त्या रीतीले.

२००९ साली तिचं डोकं विसरू लागलं. आधी चुलीवरचा भात विसरायची, मग घर विसरली, मग एका सकाळी लोकांनी तिले गावच्या बोडीतून, गळ्याएवढ्या पाण्यातून ओढून काढलं. म्हणे भाताले पाणी आणाले गेली होती. माहा भाऊ दुधराम भिलाईले. फोनवर म्हणाला, "बायको नाही म्हणते. तूच घेऊन जा." वा रे पठ्ठ्या! मी घेऊन आली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मले ओळखत नव्हती, म्हणून खायची. एका दुपारी ताट वाढलं अन् तिनं माह्याकडं नीट पाहिलं. "अल्के! तू वं?" इतक्या महिन्यांनी मायच्या तोंडून माहं नाव! मी रडालेच लागली. लगेच तिनं इचारलं, "लेकरू झालं का तुले?" मी नाही म्हटलं. तिनं ताट सरकवलं. संध्याकाळपर्यंत ओळख गेली, पण हे लेकीचं घर हाय, एवढं एकच डोक्यात बसून राहिलं. दात घट्ट. पाण्याचा चमचाही ओठावरून खाली. डॉक्टरनं सलाईन लावली अन् म्हणाला, "पोटात अन्न गेलं नाही तर बाई हातची जाईल."

मग माह्या नवऱ्याले, जागेश्वरले, अक्कल सुचली. शेजारच्या मंजूचं तान्हं लेकरू रोज जेवणापुरतं आणू अन् आपलं म्हणू. मंजू भली पोरगी, म्हणाली, "ले जाओ दीदी, अपना ही बच्चा है." मायनं लेकरू मांडीवर घेतलं, त्याचे पाय चाचपले, कडाकडा बोटं मोडली, अन् माह्या घरी पोटभर भात जेवली. मी दारामागं उभी राहून रडली. मले वाटलं, सुटलो.

कसलं सुटणं! चार दिवसांनी मी भाजी घ्याले दाराशी गेली, तेवढ्यात तिनं त्या तान्ह्या जिवाच्या तोंडात भाताचा घास कोंबला. लेकरू निळं पडलं. मंजूच्या सासूनं उलटं धरून पाठीत थापा मारल्या म्हणून वाचलं. त्यांचं दार आमच्यासाठी बंद झालं, अन् मी त्यांले कोणत्या तोंडानं बोलू? इकडं माय ऊर बडवून राहिली, "अल्कीचं लेकरू मेलं वं!" रोज नव्यानं. जे झालंच नाही, त्याचं रडणं मी रोज ऐकलं. जेवण पुन्हा बंद.

एका वृद्धाश्रमात गेलो तर त्यांनी हात जोडले, "भुललेली माणसं आम्ही नाही ठेवत." शेवटी नागपूरले अशाच माणसांसाठी एक घर सापडलं. मी सारं इचारून घेतलं. फाटकाले कुलूप असते का, रात्री कोण जागते, भात देता की पोळीच. तिथल्या बाई सरळ बोलल्या, "ह्या बऱ्या होणार नाहीत, हे मनाशी धरा. आणि त्यांचं म्हणणं खोडू नका." दुधरामले कळवलं तर म्हणे, "लोक काय म्हणतील, मायले आश्रमात टाकली!" मी म्हटलं, "मग तू ने." त्यानं फोन ठेवला.

तिथं ती खाऊ लागली. ते लेकीचं घर नव्हतं ना!

महिन्यानं मी भेटाले गेली. कामवाल्या बाईनं ताट माह्याच हाती दिलं. मी घास कालवला. माय माह्याकडं पाहून राहिली. ओळखू नको माय, आज ओळखू नको.

"कोण वं तू?"

"इथं कामाले हाय, बाई."

"माही लेक तुह्याएवढीच हाय. नशिबाची फुटकी. लेकरू मेलं तिचं." मग तिनं ओठ मिटले, मले खालून वर न्याहाळलं. "तुले हायेत का लेकरं?"

"दोन," मी म्हटलं. "एक पोरगा, एक पोरगी."

"बरं हाय बाई," म्हणत मायनं तोंड उघडलं. एकेक घास घेत ती त्यांची नावं इचारून राहिली, अन् मी सांगून राहिली.