फ्लेक्सवरची बंदूक

आबांच्या दहाव्याच्या दिवशी सकाळी मी भाजी चिरायची सुरी घेऊन चौकात गेले, दुधवाल्याकडून स्टूल मागून घेतलं आणि स्वतःच्या बापाचा फ्लेक्स दोऱ्या कापून खाली पाडला. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात अजून त्याचीच चर्चा चालू आहे. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे. बोलू देत. बोलणाऱ्याचं तोंड कुणाला धरता आलंय?

तो फ्लेक्स कसा होता ते आधी ऐका. चेहरा आबांचा, माझ्या लेकाच्या वाढदिवसाच्या फोटोतून उचललेला. मानेखालचा माणूस भलताच. कुणाचं तरी रुंद छातीचं धड, त्यावर पदकांच्या दोन रांगा, हातात बंदूक, मागे रणगाडा आणि वर चार विमानं. खाली ठळक अक्षरांत, ‘शत्रूला धूळ चारणारा ढाण्या वाघ हरपला’. आणि आबांपेक्षा मोठा फोटो आमच्या चौकातल्या एका भावी नगरसेवकाचा, हात जोडलेला. आबा जिवंत असताना या माणसाने त्यांना साधा रामराम घातल्याचं मला आठवत नाही.

माझा बाप फौजेत आचारी होता. तिथे त्याला लांगरी म्हणतात. मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यातून उठून गेलेल्या या माणसाने सतरा वर्षं बर्फात, वाळवंटात, जिथे पाठवतील तिथे शेकडो जवानांना दोन वेळचं गरम जेवण घातलं. बंदूक चालवायला शिकवली होती, पण हातात कायम पळीच. आणि त्याची त्यांना काडीचीही लाज नव्हती. कुणी विचारलं की सरळ सांगायचे, “मी लांगरी व्हतो. गोळी येकांद्या दिवशी लागती, भूक रोज लागती की.”

लाज वाटायची ती आम्हाला.

एकदा सव्वीस जानेवारीला पेठेतल्या शाळेने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांना रणांगणावरचे अनुभव हवे होते. आबा उभे राहिले आणि म्हणाले, “तितं बर्फात बटाटा दगडावानी व्हतोय. आदी कोमट पाण्यात ठिवायचा, मग सोलायचा. डाळ तर लवकर शिजतच न्हाय.” मग एका जवानाचं सांगायला लागले. आई गेल्याचं पत्र आलेलं, दोन दिवस तोंडात घास नाही, तर आबांनी त्याला मांडीला मांडी लावून खिचडी भरवली. पोरं चिडीचूप ऐकत होती. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी वेळेअभावी आभार मानून टाकले. पुढच्या वर्षीपासून दुसरे पाहुणे यायला लागले.

आई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती. आबा तिच्यासाठी रोज भाकरी थापायचे, पातळ पिठल्यात कुस्करायचे आणि चमच्याने भरवायचे. सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय स्वतः पानावर बसायचे नाहीत, ही फौजेतली सवय शेवटपर्यंत सुटली नाही. आणि माझा थोरला भाऊ काय करायचा, तर पाहुणे आले की स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचा. पुरुष माणूस परातीपुढे बसलेला दिसू नये म्हणून. आबांना ते कळत होतं. ते आतूनच विचारायचे, “पावने जेवून जानार का रं?”

फ्लेक्ससाठी फोटो या भावानेच दिला होता. मी सुरी घेऊन चौकात उभी, पायाशी तो फ्लेक्स, आणि हा एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस लुंगीवरच धावत आला.

“अगं, अकरा वाजता लोक यायचेत श्रद्धांजलीला. काय तोंड दाखवू मी?”

“आबांचं दाखव. त्यांचं स्वतःचं.”

“आचारी म्हणून लिहायचं का मग? माझ्या सासुरवाडीचे येणारेत. चार लोकांत मान राहतो म्हणून केलं सगळं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, “दादा, आज हा वाघ इथे राहिला ना, तर उद्यापासून लोकांना वाघच आठवणार. तुझ्या पोरांनाही तोच. आबा कुणालाच आठवणार नाहीत. माणूस एकदा गेलाय, तू त्याला परत घालवतोयस.”

त्याने फ्लेक्सची गुंडाळी करून काखेत मारली आणि घरी गेला.

अकरा वाजता मंडप भरला. भावी नगरसेवक माईक धरून सीमेवरच्या धुमश्चक्रीचं वर्णन करायला लागले. मी उठले आणि माईक मागून घेतला. आजवर बचत गटातसुद्धा कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी रागाने जीभ सुटली. म्हणाले, माझे वडील फौजेत आचारी होते. बटाट्याचं सांगितलं, खिचडीचं सांगितलं, आईला भरवलेल्या भाकरीचं सांगितलं. दार ओढून घेण्याचंही सांगितलं, भावाच्या सासऱ्यांसमोर. भावाने मान खाली घातली. मला त्याची जराही कीव आली नाही.

सगळं सांगितलं. एक सोडून.

मी पाचवीत होते. आबा सुट्टीवर आले होते. त्याआधी वर्षभर मी वर्गात सांगत सुटले होते की माझे वडील लढाईत शत्रू मारतात. एक दिवस मी डबा विसरले, तो द्यायला आबा शाळेच्या फाटकापाशी आले. मैत्रिणींनी त्यांना घेरलं. “काका, तुम्ही किती शत्रू मारले?”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. जगाला लांगरी म्हणून ठणकावून सांगणारा माझा बाप म्हणाला, “मोजलं न्हाईत, बाळा.” माझ्या हातात डबा दिला आणि सायकलवर बसून गेला. घरी गेल्यावर त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. त्या दिवशीच नाही, कधीच नाही. चौकातल्या फ्लेक्सवर मी एवढी का भडकले, ते मला मंडपात माईक खाली ठेवताना कळलं. ती बंदूक आबांच्या हातात पहिल्यांदा मी दिली होती.

डब्यात शिरा होता, त्यांनी स्वतः केलेला, अजून गरम. मैत्रिणी बोटं चाटत विचारायला लागल्या, कुणी केलाय गं. मी म्हणाले, आईने.