गोलीसाहेबाची रेघ

दोंडाईच्याच्या ओळखीच्या नानांचा फोन आला तेव्हा मी जळगावला, पिंप्राळ्यात गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "ताई, पंच पाहिजे. गावना नको, भांडणं व्हतीन." दोंडाईचा, रविवार, फुटबॉल. मी सामन्यांना पंच म्हणून जातेच, ताबडतोब हो म्हटलं. माझ्या पायाला भिंगरी आहेच!

तुम्ही जाणार असाल तर जळगावहून सुरतकडची सकाळची पॅसेंजर धरा. तिकीट अगदी स्वस्त, जागा मिळाली तर नशीब. अमळनेरला पोहे घेतले आणि गाडी हलली, निम्मे फलाटावर सांडले. दोंडाईच्यात उतरताच शिंका. गावभर लाल मिरची पसरलेली असते, मोठा रुमाल न्याच.

नानांकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा खाताना खरा प्रकार कळला. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या कापसाच्या जिनिंग गिरणीत एक स्कॉटिश फिटर आला. तिकडचा नावाजलेला गोलकीपर, म्हणून इथे गोलीसाहेब. त्याच्या काळी गोलीला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येई. हा बहाद्दर हाताने टप्पे टाकत थेट मधल्या रेघेपर्यंत यायचा, त्यावरच त्याचं नाव झालं. मग नियम बदलला, हात फक्त गोलसमोरच्या चौकटीत. झालं, साहेबाची कारकीर्द आटोपली.

"आठे उना, पण नवा नियम कोणलेच नही सांगा," नाना म्हणाले. "जातांना फक्त मना आजाले खरं सांगी गया. आम्ही आजबी त्यानाच खेळ खेळतस."

पण जिनिंगच्या संघाविरुद्ध खेळणाऱ्या गावातल्या पोरांना आता बाहेरच्या स्पर्धा खेळायच्या होत्या. त्यांनी अट घातली होती: जिनिंगवाले आज जिंकले तरच जुना नियम राहील, नाहीतर कायमचा बंद. जिनिंगचा गोली नानांचा मुलगा, अशोकभाऊ.

सामना एक-एक. शेवटची मिनिटं. अशोकभाऊंनी चेंडू अडवला आणि निघाले की टप्पे टाकत! मागे गोल मोकळा. सगळं मैदान उभं राहिलं. मी बाजूने धावत होते. आई शप्पथ, मलाही ते जिंकायला हवे होते. रेघ आली. त्यांचा पाय अलीकडे थांबला, पण पुढचा टप्पा पलीकडे पडला आणि हातही पलीकडे गेला. वीतभर.

मी शिट्टी फुंकली.

"अय ताई, काय करी ऱ्हायनी!" लोक ओरडले. समोरच्या पोराने फ्री किक लगेच मारली. चेंडू अशोकभाऊंच्या डोक्यावरून गेला आणि टप्पे खात रिकाम्या गोलमध्ये शिरला. ते पळालेसुद्धा नाहीत.

नानांनी मला स्टेशनवर सोडलं. गाडी दिसेपर्यंत रुळांकडे बघत होते. मग म्हणाले, "हात पलीकडेच व्हता. मीबी देखं." मला रडूच फुटलं.

पुढच्या रविवारी मेहरूणजवळ साधा सामना होता. गोली चेंडू हातात घेऊन चौकटीबाहेर आला. शिट्टी माझ्या ओठांत होती. पोरं ओरडायला लागली, "मॅडम, हँड! हँड!"

मी मधल्या रेघेकडे बघत होते.