श्वास आत असताना

पुण्याहून आयटीत नोकरीला आलेली माझ्या योगवर्गातली एक विद्यार्थिनी परवा म्हणाली, "सर, हैदराबादमधल्या तुमच्या आवडीच्या जागा सांगा ना. रविवारी आम्ही फिरून येतो." मी तीन सांगितल्या. तारनाक्याला विद्यापीठाच्या आवारातला झाडांखालचा दगडी कट्टा, चिक्कडपल्लीतली इडलीची बंडी, म्हणजे हातगाडी, आणि आबिड्सचा रविवारचा फुटपाथ, जिथे जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. तिनं फोनमध्ये लिहून घेतलं. या जागांवर मी ज्या माणसाबरोबर जात असे, त्याला मी स्वतःच्या हातांनी मोडलं, हे मात्र तिला सांगितलं नाही.

रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले ते गृहस्थ माझ्या योगवर्गात यायचे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला मास्तर. वर्ग सुटला की आम्ही कट्ट्यावर बसायचो. रविवारी बंडीवर इडली खाऊन आबिड्सला जायचो. ढिगात एखादं मराठी पुस्तक सापडलं की काका ते छातीशी धरून विक्रेत्याशी हुज्जत घालायचे. "दे दो मियाँ, इसको पढनेवाला मैं अकेलाच बचा हूँ. नक्को तो दीमक को खिलाव."

माझा हात लवकर उठतो. माझ्या गुरूंनी मला वेतानं शिकवलं, तोच राग माझ्यात उतरला, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ती सबब आहे. रस्त्यावर माणसं मारायला त्यांनी शिकवलं नव्हतं.

त्या सकाळी वर्गाला जाताना तारनाक्याच्या सिग्नलला एका स्कूटरवाल्यानं माझ्या गाडीला मागून धडक दिली आणि वर मलाच आईवरून शिवी घातली. मी उतरलो, त्याची कॉलर धरली आणि कानाखाली वाजवली. तो पडला. उठायला लागला तेव्हा मी पुन्हा मारलं. त्याचा ओठ फाटला, दात रक्तानं लाल झाले. दुसऱ्या फटक्याची काही गरज नव्हती, पण पहिल्यापेक्षा तोच मला जास्त बरा वाटला. लोकांनी ओढून बाजूला केलं. तळहात झणझणत होता. तसाच मी वर्गात शिरलो.

पश्चिमोत्तानासन चाललं होतं. पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे. काकांची बोटं अंगठ्यांपासून वीतभर लांब राहिली होती. मी त्यांच्या मागे गेलो, तर मान वळवून ते म्हणाले, "मास्तर, आज लई गुरगुरताय. बायकोनं हाणलं का काय?"

सगळा वर्ग हसला.

या आसनात विद्यार्थ्याची पाठ दाबायची तर एक नियम आहे. तो श्वास सोडतो तेव्हाच हलका दाब द्यायचा. श्वास आत असताना अंग ताठलेलं असतं, तेव्हा हात नुसते ठेवायचे. पंचवीस वर्षं मी हे शिकवतोय. माझ्या तळव्यांखाली काकांची पाठ फुगत होती, ते मला नीट कळत होतं. मी अख्खं वजन टाकलं.

जुनं धोतर फाडावं तसा आवाज आला. मग काकांची किंकाळी. मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला होता.

हॉस्पिटलात त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, "माझीच हौस. मीच जास्त वाकलो." मी गप्प बसलो. आठ महिने गप्प बसलो. काका वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालू लागले. कट्टा, बंडी, फुटपाथ, सगळं सुटलं. मी दर आठवड्याला आबिड्सहून पुस्तक घेऊन त्यांच्या घरी जायचो. काकू माझ्यादेखत त्यांना बोलायच्या, "या वयात अंगठे धरून काय मोक्ष मिळणार होता? आता संडासला धरून न्यावं लागतंय." आणि मला चहा द्यायच्या. त्यांचे शब्द काकांवर पडत राहायचे आणि मी घोट घेत राहायचो.

शेवटी एका संध्याकाळी काकू आत चहा करत असताना मी बोललो. "काका, तुमची चूक नव्हती. मी रागानं दाबलं."

त्यांनी पुस्तक मिटलं. "माहिताय. श्वास आत होता माझा."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"म्हटलं, मास्तर स्वतःहून सांगतो का बघू. लई उशीर केलास." आजवर त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "आता तिला सांग. तुझ्या वाटच्या शिव्या आठ महिने मी खाल्ल्यात."

काकू चहा घेऊन आल्या. मी सांगितलं. कढत चहासकट स्टीलचा पेला माझ्या कपाळावर बसला. भुवई फुटली. गाल भाजला की रक्त वाहतंय, काही क्षण तेच कळेना.

"बसा खाली," काकू म्हणाल्या. "त्यांना कसं बसवलं होतं तसं बसा."

मी फरशीवर पाय लांब करून बसलो, वाकलो, अंगठे धरले. पाठीवर त्यांचे दोन हाडकुळे हात आले.

"श्वास कुठाय?"

"आत," म्हणालो आणि खरोखरच छाती भरून घेतली.

त्यांनी अंगातलं सगळं बळ लावलं. एकदा, दोनदा, मग गुडघा रोवून. माझं डोकं पायांना टेकलं, पण वर्षानुवर्षं वाकत आलेल्या माझ्या अंगात काहीच तुटलं नाही. तुटावं असं मला वाटत होतं. मग त्या मुठींनी पाठीत गुद्दे घालू लागल्या. "तुटत कसं नाही मेल्याचं! तुटत कसं नाही!"

"बस कर," खुर्चीतून काका म्हणाले. "तुझेच हात दुखतील."

काकू थांबल्या. मोठमोठ्यानं श्वास घेत त्या काकांकडे बघत राहिल्या. "आणि मी तुम्हाला इतकं बोलले," एवढंच म्हणाल्या. मग आत जाऊन ओलं फडकं आणलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं.

"फरशी पुसा. आणि परत येऊ नका."

मी चहा पुसला, रक्त पुसलं. भुवईतून थेंब पडतच होते, त्यामुळे पुसलेली जागा पुन्हा पुन्हा पुसावी लागली.