कपाटातली एकुलती प्रत

वाळवीच्या औषधाचा उग्र वास आला, की झरीकडच्या आमच्या जुन्या शाळेतलं माजी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांचं कपाट आठवतं. मी तेव्हा तिथं नवा शिक्षक होतो, अजूनही तिथंच आहे. एका दुपारी याच शाळेत शिकलेले एक म्हातारे कादंबरीकार काठी टेकत आले. "माझ्या पहिल्या कादंबरीची प्रत घरी न्हाई, इथं एक दिलेली हाय," म्हणाले. मी कपाट उघडलं. पुस्तकाचा वरचा पुठ्ठा शाबूत होता, आत वाळवीनं केलेली नुसती माती. "दुसरी मागवू की, काका," मी म्हणालो. "छापणाराच गेला, लय वर्षं झाली," म्हणत त्यांनी त्या मातीवरून हात फिरवला आणि पुस्तक होतं तिथं परत ठेवलं. आता तेही नाहीत. भिंतीवरच्या लेखकांच्या फलकावर त्यांचं नाव वाचून पोरं विचारतात, "यांनी काय लिहिलंय, सर?" मी कपाट उघडून तो पुठ्ठा त्यांच्या हातात देतो.